मुळं धरेपर्यंत

दादाने फोनवर एवढंच सांगितलं की मागच्या बागेत जरा भेग पडलीय, सवडीने येऊन बघून जा. दादाचं ‘जरा’ धाकटी लहानपणापासून ओळखून होती. वडिलांना दवाखान्यात हलवलं तेव्हाही त्यांना ‘जरा’ बरं वाटत नव्हतं, आणि ते काही परत आले नाहीत. तेव्हा सवड वगैरे न बघता तिने नर्सरीच्या फाटकाला कुलूप घातलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि निघाली.

पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. बाहेर लोक तिला नर्सरीवाल्या बाई म्हणत. रोपं करायची, विकायची, कुणाच्या अंगणात काय जगेल ते सांगायचं, हा तिचा धंदा. नर्सरीच्या मागे एक खोली होती, तिथे ती एकटी राहायची.

दादाचं घर चढावर होतं. वर घर, घरामागे बाग, आणि बागेच्या पायथ्याशी, खालच्या रस्त्याला लागून, आईची खोली. बाग म्हणायची आपली पद्धत. खरं तर तो उभा उतार होता. वर चढायचं तर एक हात जमिनीला टेकावा लागे. आईच्या खोलीची मागची भिंत आणि उतार यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढीच फट. वरून खाली यायला बाजूने दगडी पायऱ्या होत्या.

या उतारावर पूर्वी सुरूची उंच झाडं होती. त्यांच्यामुळे स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागे, पन्हळी काडीकचऱ्याने तुंबत. मग काही वर्षांपूर्वी दादाने ती सगळी तोडून घेतली. लख्ख उजेड आला, कपडे वाळू लागले. खोडकी तेवढी जमिनीत राहिली. उतार जागचा हलला नाही, म्हणून सगळे ती झाडं विसरूनही गेले.

झाड तोडलं की ते मेलं, हे वरच्यांना लगेच कळतं. खालच्या मुळांना ते कळायला वेळ लागतो. पहिली एक-दोन वर्षं ती दोरखंडासारखी माती धरून असतात, मालक गेला तरी चाकर इमानाने काम करत राहावेत तशी. मग हळूहळू कुजतात. कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, आणि पाऊस पडला की पाणी त्या नळ्यांमधून थेट उताराच्या पोटात शिरतं. म्हणजे झाडं तोडल्यावर उतार टिकला याचा अर्थ तो भक्कम आहे असा नसतो. तो जुन्या पुण्याईवर जगत असतो.

धाकटीने पहार रोवली, तर ती पिकून खाली पडलेल्या फळात सुरी जावी तशी आत गेली. तिने एक मूळ उकरून काढलं आणि दोन बोटांत दाबलं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्याचा लगदा झाला. वर जाऊन तिने भेग पाहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून थोडी अलीकडे, चंद्रकोरीसारखी वाकलेली, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने हात घातला तो मनगटापर्यंत गेला. उतार अजून होता तिथेच होता; पण टेकडीने त्याचा हात सोडला होता.

मग दादा, वहिनी आणि ती स्वयंपाकघरात बसली. दादाने सांगितलं, गवंडी येऊन गेला. भिंत बांधायची तर उताराचा पाय खणावा लागेल, आणि पाऊस तोंडावर असताना तिथे कुदळ मारणं म्हणजे झोपलेल्या बैलाची शेपटी पिळणं, असं तो म्हणाला. भिंत पाऊस संपल्यावर. तोवर झाडंझुडपं लावून माती धरता आली तर बघा.

“आता तूच सांग,” दादा म्हणाला. “तू झाडांमधली. काय लावलं की धरेल?”

यावर खरं उत्तर एका वाक्याचं होतं: या पावसात काहीही लावलं तरी धरणार नाही, आईला तिथून हलवा. ते धाकटीच्या ओठांपर्यंत आलंही. पण त्या वाक्याच्या मागे दुसरा प्रश्न दारात उभा होता, हलवायचं कुणाकडे?

आई आणि वहिनी बरीच वर्षं एका ओट्यावर वावरल्या होत्या. भांड्याला भांडं लागतं म्हणतात. या घरात ती रोज फुटत. मीठ कुणी टाकलं यावरून दुपारची जेवणं थंड व्हायची. वहिनीला पोटाचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी विचारलं घरात काही ताण आहे का, आणि ती तिथेच रडायला लागली. शेवटी आई आपणहून खालच्या खोलीत राहायला गेली. तिथे तिने शिवणाचं मशीन टाकलं. रस्त्यावरचं दार, त्यामुळे गिऱ्हाईक आपसूक येऊ लागलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या विजारीची लांबी कमी कर, कुणाची चेन बदल. सगळी गल्ली तिला शिवणवाल्या आजी म्हणू लागली. तेव्हापासून वहिनी प्रेमाने खाली डबा पाठवायची आणि आई डबा धुऊन, त्यात काहीतरी घालून, वर पाठवायची. मध्ये उतार होता म्हणून प्रेम होतं.

वहिनी कपाची कड बोटाने पुसत होती. ती म्हणाली की मला त्यांचं वाईट कधीच नको होतं, आजही नको. पण पुन्हा एका छपराखाली मला जमणार नाही, हे मी आत्ताच सांगते, मागाहून कुणी मला नावं ठेवू नका.

ती निदान बोलली तरी. धाकटी तेवढंही बोलली नाही. नवऱ्याचं घर सोडून तिने रोपवाटिका काढली तेव्हा आई म्हणाली होती, “माती उकरायला नवरा सोडलास होय?” मग कितीतरी वर्षांनी डोळ्याच्या ऑपरेशननंतर आई थोडे दिवस नर्सरीत राहायला आली. तेवढ्यात तिने कुंड्यांच्या जागा बदलल्या, पोरीचा संसार कसा मोडला ते रोपं घ्यायला आलेल्या बाईला सांगितलं, आणि रोज रात्री जेवताना एकच विषय काढला. आई परत गेली त्या दिवशी धाकटीने दार लावून घेतलं आणि नुसती बसून राहिली; खोलीतली शांतता तिला पाण्यासारखी प्यावीशी वाटली होती.

“वाळा लावू,” ती म्हणाली.

दादाचे खांदे खाली आले. वहिनीने उठून पुन्हा चहा टाकला.

निवड चोख होती. वाळ्याचं मूळ इकडेतिकडे भटकत नाही, सरळ खाली जातं, दोन-तीन वर्षांत माणसाच्या उंचीपेक्षा खोल. वर नुसतं गवत, त्यामुळे उतारावर ओझं नाही. दोन ओळींच्या मध्ये हरळी, म्हणजे थेंबांचा मार मातीला थेट बसणार नाही. कडेला गवती चहा आणि निरगुडीच्या काड्या. मोठी झाडं नकोत. वारा त्यांना हलवतो आणि ती माती हलवतात. केळी तर नकोच, पोटात पाणी आणि पायात जोर नाही. वहिनीने विचारलं, तो पटकन पसरणारा वेल का नको, आठवड्यात सगळं झाकून टाकेल. धाकटीने तिला समजावलं की वेल झाकतो, धरत नाही. पडणाऱ्या माणसाला शाल पांघरली म्हणून तो सावरत नाही.

हे सगळं तिने मन लावून सांगितलं. मुळं धरायला वेळ लागेल, हेही सांगितलं. दादा म्हणाला, लागू दे की. किती वेळ, ते त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून तिला खोटं बोलावं लागलं नाही. पण खोटं सांगायला दर वेळी तोंड उघडावंच लागतं असं नाही.

खाली आली तर आई मशीनवर होती. खिडकीशी मशीन, शेजारी रिळांचा पत्र्याचा डबा, खडू, आणि भिंतीला लागून गिऱ्हाइकांची गाठोडी, प्रत्येकावर नावाची चिंधी टाचलेली. मागच्या भिंतीला ओल आली होती. आईने तिथे जुना पडदा टांगला होता.

“काय गं, माझ्या डोक्यावर काय पेरतेयस?”

“गवत, आई.”

“गवत? एवढा धंदा केलास आणि गवत? फुलं तरी लाव. मी गेले तर बाहेरून आणायला नकोत.”

धाकटी हसली. आईच्या हातचा चहा पिताना तिचं लक्ष त्या पडद्याकडेच जात होतं.

लावणीला तिने आपली दोन माणसं आणली. तीन काठ्यांचा तिकोना केला, मधोमध ओळंबा सोडला आणि तो तिकोना उतारावर पावलापावलाने नाचवत नेला. ओळंबा मधोमध राहील तिथे खूण करायची, म्हणजे ओळ कुठे चढत नाही की उतरत नाही आणि पाणी तिच्या मागे अडतं. आई खाली खुर्ची टाकून बसली होती. ओळी का आखायच्या, असेच खुपसले तर काय होतं, असं तिने विचारलं. धाकटीने तिला तिच्या भाषेत सांगितलं, की हे शिवणच आहे. सैल कापडावर ओळीने टिपा मारल्या की ते ताणलं जात नाही, तसं.

आईला ते फारच आवडलं. “तिसरी टीप वाकडी चाललीय,” ती खालून ओरडली. माणसं हसली. धाकटीने वाकून बघितलं, तर खरंच ओळ एका दगडापाशी घसरली होती. तिने ती उसवून पुन्हा घातली.

त्यानंतर जो येईल त्याला आई सांगू लागली. गणवेश न्यायला आलेल्यांना, दूधवाल्याला, समोरच्या चपलावाल्याला. माझी धाकटी उतार शिवतेय, म्हणायची. असं काम करायला डोकं लागतं, नुसत्या पदव्या असून भागत नाही. चपलावाल्यानेच हे धाकटीच्या कानावर घातलं. उभ्या आयुष्यात आईने तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदानेच ती जास्त अडकली. आता खरं सांगायचं म्हणजे हाही शब्द परत द्यायचा.

सुरुवातीचा पाऊस बेताचा पडला. वाळ्याला नवी पाती फुटली, हरळीने हातपाय पसरले, गवती चहाचा वास पायऱ्यांवर येऊ लागला. दादाने फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, ‘झकास’. धाकटीने तो बराच वेळ बघितला. पानं हा झाडाचा चेहरा. चेहऱ्यावरून माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, तसंच हे. तिने मनाशी हिशेब मांडला, की आता पाऊस असाच रिमझिम राहिला, मध्ये उघडीप देत गेला, तर निभेल. लोक निभावतात. अख्खी आयुष्यं अशी निभतात.

मग पाऊस लागला तो थांबेचना. रस्त्यांच्या कडांना शेवाळ आलं, कपड्यांना कुबट वास येऊ लागला.

अशातच एका सकाळी शाळेची मुलं नर्सरी बघायला आली. दिवस आधीपासून ठरलेला होता आणि त्यांच्या बाईंनी तो पावसामुळे मोडला नाही. धाकटीला मुलं आवडत. त्यांना शिकवताना तिचा आवाजच वेगळा व्हायचा, घाई नसलेला. तिने छपराखाली नेहमीचा खेळ मांडला. दोन तिरके ट्रे. एकात नुसती माती, एकात दाट गवत. दोन्हींवर झारीने पाणी. नुसत्या मातीचा चिखल होऊन खाली वाहतो, गवताच्या ट्रेमधून स्वच्छ पाणी ठिबकतं. मुलं दर वेळी आ वासतात.

समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी मात्र तिसऱ्याच ट्रेकडे बघत होती. त्यात नुकतंच पेरलेलं गवत उगवून आलं होतं, दिसायला हिरवंगार.

“त्याच्यावर पण ओता ना.”

धाकटीने ओतलं. क्षणभर काही झालं नाही. मग हिरवळीसकट सगळा लगदा घसरून फरशीवर आला. मुलं खिदळली. ती मुलगी हसली नाही.

“याला गवत होतं तरी कसं पडलं?”

“अजून मुळं धरली नव्हती म्हणून.”

“मग मुळं धरेपर्यंत माती कोण धरतं?”

मुलांशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “कोणी नाही,” ती म्हणाली.

“आणि खाली घर असलं तर?”

“तर त्या घरातली माणसं तोवर दुसरीकडे जातात.”

“कुणाकडे?”

बाईंनी मुलीला गप्प केलं, फार प्रश्न विचारते म्हणाल्या. धाकटीने झारी खाली ठेवली. तिने बाईंना सांगितलं की मला जरा जावं लागेल, मुलांना वाटेल तितका वेळ थांबू द्या. छत्री घ्यायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

खालच्या रस्त्यावर पोचली तेव्हा आईच्या खोलीमागच्या फटीतून पाण्याचा ओघळ रस्त्यावर येत होता. पावसाचं पाणी येणारच. पण हे चहासारखं तपकिरी होतं. उताराच्या पोटातली माती बाहेर निघत होती. तिने तिथूनच दादाला फोन केला, म्हणाली, आत्ताच्या आत्ता खाली ये. मग दार ढकललं. ते चौकटीत रुतलं होतं. खांदा लावला तेव्हा उघडलं.

आई मशीनवर एक फ्रॉक शिवत होती.

“भिजलीस किती. पंचा घे तिकडचा.”

“आई, ऊठ. पिशवी भर. माझ्याकडे चल.”

“का?”

“उतार खाली येतोय.”

आईने वर बघितलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाली की पाऊस काय मी आज बघतेय का. गिऱ्हाईक संध्याकाळी फ्रॉक न्यायला येणार आहे. आणि घाबरायचं कशाला? “तू लावलंयस ना.”

धाकटीने तिला सांगितलं की ते अजून धरलेलं नाही. आई म्हणाली, वरून हिरवंगार दिसतंय की. धाकटीने ओलीकडे बोट दाखवलं, दार दाखवलं, तपकिरी पाण्याचा अर्थ सांगितला. आई प्रत्येकाला मान डोलवत होती आणि पाय चालवत होती. तिचा विश्वास पक्का होता, आणि तो दुसऱ्या कुणावर नव्हता, हिच्यावरच होता.

एवढ्यात दादा दारात आला, छत्रीतून पाणी गळत होतं. आत यायला जागा नव्हती, तो उंबऱ्यावरच थांबला.

“ऐक,” धाकटी म्हणाली. “जुनी मुळं कुजलीत. सगळी. कापडच कुजलंय आई, टीप कशाला धरेल?”

आईचा पाय थांबला. मशीन थांबल्यावर पावसाचा आवाज खोलीत आला.

“कधीपासून?”

“झाडं तोडली तेव्हापासून हळूहळू.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. पहार घातली तेव्हा.”

आईने सुईखालचा फ्रॉक हलकेच सोडवून मांडीवर घेतला. “कुजलेलं कापड आलं की मी परत देते,” ती म्हणाली. “बाईला तोंडावर सांगते, याच्यावर टीप बसायची नाही, माझी मेहनत फुकट आणि तुझे पैसे फुकट. तू का नाही परत दिलंस?”

“आई, आत्ता हे नको,” दादा म्हणाला. आईने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

‘मला वाटलं धरेल’, असं म्हणता आलं असतं. ते मऊ होतं, कुणालाही पटलं असतं. पण आईला धाकटी चांगली ओळखत होती. वाटलं होतं म्हणालीस, मग आताही वाटू दे, असं म्हणून ती पुन्हा पाय चालवायला लागली असती. तिला त्या खुर्चीवरून उठवेल असं एकच वाक्य जगात होतं.

“परत दिलं असतं तर तुला कुणीतरी घरी न्यावं लागलं असतं,” धाकटी म्हणाली. “दादाने नाहीतर मी. आम्हाला दोघांनाही ते नको होतं.”

दादाने छत्री मिटली, पुन्हा उघडली. आईने आधी त्याच्याकडे बघितलं, खूप वेळ. त्याने नाही म्हणावं म्हणून ती थांबली असावी. तो उंबऱ्यावरच्या पाण्याकडे बघत राहिला.

मग आई उठली. दाताने दोरा तोडला. मशीनवर झाकण घातलं. एक मोठी चादर पसरली आणि तिच्यात गिऱ्हाइकांची गाठोडी एकेक करून ठेवू लागली, चिंध्या नीट टाचलेल्या आहेत ना बघत. धाकटी म्हणाली, आई, तुझे कपडे घे, औषधं घे, हे राहू दे. आई म्हणाली, लोकांचं आहे. स्वतःचं तिने काहीच घेतलं नाही. औषधं धाकटीने घेतली. दादाने चादरीचं बोचकं उचललं. दाराबाहेर पाण्यातून पाय टाकताना धाकटीने हात पुढे केला. आई भिंतीला धरून उतरली.

उतार त्याच दुपारी आला. वहिनी वरच्या खिडकीत उभी होती, तिने तो जाताना पाहिला. फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं. फार मोठा आवाजसुद्धा झाला नाही म्हणाली, पोतं ओढल्यासारखं काहीतरी, आणि बाग नव्हती.

पाऊस ओसरल्यावर धाकटी बघायला गेली. मागची भिंत आत पडली होती आणि खोली छातीपर्यंत मातीने भरली होती. उतार वरपासून खालपर्यंत एकसंध घसरला होता, त्यामुळे वाळ्याच्या ओळी मोडल्याच नव्हत्या. एक ओळ पलंगाच्या जागेवरून गेली होती, एक मशीनच्या जागेवरून. सरळ, हिरव्या, पाती ताठ उभी. तिने एक ठोंब उपटला. खाली वीतभर पांढरी, निरोगी मुळं होती. चांगलं वाढत होतं ते.

गल्लीत जो तो म्हणत होता, शिवणवाल्या आजींचं नशीब मोठं, पोरगी अगदी वेळेवर धावून आली. उरलेली गाठोडी द्यायला आई तिथे गेली होती तेव्हा चपलावाल्याने तिच्या तोंडावरच तसं म्हटलं. आई म्हणाली, “हो. आली वेळेवर.” आणि फ्रॉकवाल्या बाईचा पत्ता विचारला, तिचं एकच उरलं होतं.

आता आई नर्सरीमागच्या खोलीत राहते. धाकटीला ज्याची धास्ती होती तसं काहीच झालं नाही. आई कुंड्यांना हात लावत नाही. गिऱ्हाइकांशी बोलत नाही. नवऱ्याचा विषय काढत नाही, मातीला नावं ठेवत नाही. सकाळी लवकर उठून आपलं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवते, पाहुण्याने ठेवावं तसं. पंखा लावू का, विचारते. खिडकी उघडली तर चालेल का, विचारते. पहिल्या दिवसांत धाकटी म्हणायची, आई, विचारायचं काय त्यात? आई म्हणायची, “विचारलेलं बरं.” धाकटीने नवीन मशीनचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, नको, तुझी जागा अडेल. कधीकधी धाकटी मुद्दाम काहीतरी चुकीचं करते, भाजी खारट करते, जेवायला उशिरा येते. आई मुकाट्याने जेवते आणि ताट घासून ठेवते.

मध्यंतरी दादा आणि वहिनी आली. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आता कड्याच्या काठावर होती. वहिनीने शेगडी पुढच्या खोलीत हलवली होती. उघड्या पडलेल्या मातीवर आता काय लावायचं, असं दादाने विचारलं. विचारताना तो धाकटीकडे बघत नव्हता.

या वेळी तिने थांबायचं नाही असं ठरवलं होतं. यंदा काहीच लावायचं नाही, ती म्हणाली. आधी पायथ्याची भिंत, पाण्याला वाट, मग पुढच्या वर्षी वाळा. आणि मुळं धरेपर्यंत, म्हणजे निदान दोन वर्षं, तुम्ही दोघांनी त्या घरात झोपायचं नाही.

दादाची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती, दोन खोल्यांत, दोन लहान मुलं. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली की तिला तरी कसं सांगायचं, तिची केवढी अडचण होईल. असं करू, चार दिवस राहायला येतो म्हणू, मग पुढचं पुढे.

आई दाराजवळ स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. इतका वेळ ती त्यात नव्हतीच.

“तसं करू नका,” ती म्हणाली. “किती दिवस ते आधी सांगा. मग तिच्या तोंडाकडे बघून विचारा, ठेवशील का. नाही म्हणाली तर नाही. त्यात मरण नाही.”

वहिनी रडायला लागली. तिला कसं गप्प करावं हे कुणाला सुचेना, आणि आई उठली नाही. तिने सोललेले वाटाणे वाटीत भरले, सालं कागदात गोळा केली आणि धाकटीकडे वळली.

“त्यांना चहा टाकते,” ती म्हणाली. “दूध घेतलं तर चालेल ना?”

“चालेल,” धाकटी म्हणाली.